बंद पडलेल्या रेल्वे यार्डावर टेक पार्क: आराखड्याआधी काय तपासावं?

दांडियाबाजार

मंडळी, बडोद्यात आयटीची चर्चा निघाली की कुणीतरी म्हणतंच, रेल्वेची एवढी जागा गावाच्या मध्यावर पडून आहे, तिथे पार्क का नाही? सपाट जमीन, मालक एकच, स्टेशन जवळ. ऐकायला छान वाटतं. पण चित्रं आधी आणि जमीन नंतर असा उलटा प्रवास झाला की काम वर्षानुवर्षं अडकतं. म्हणून हा धागा.

ही चर्चा कुठल्या निविदेबद्दल नाही. डोळ्यासमोर प्रतापनगर-गोयागेट पट्ट्यासारखी जमीन आहे. संस्थानाची अडीच फुटी रेल्वे १८६२ साली डभोई-मियागाम मार्गावर बैलांनी ओढली जायची, गोयागेटचा कारखाना १९१९ चा. त्या जाळ्यातला काही भाग ब्रॉडगेज झाला आणि जानेवारी २०२१ पासून केवडियापर्यंत गाडी जाते. पण डीआरएम कचेरी (रेल्वेचं मंडळ कार्यालय) आणि कारखाना आजही चालू आहेत, म्हणून अमुक तुकडा असं मी म्हणत नाही.

हिशोबासाठी गृहीत धरू: १० हेक्टर, १ लाख चौरस मीटर बांधकाम, एका बाजूला चालू ब्रॉडगेज, आत जुनी इंजिन शेड, टर्नटेबल (इंजिन फिरवायची गोल चकती), तेल भरायची जागा आणि सात-आठ बाजूचे रूळ. ज्याचा जो विषय त्यानं त्यावर लिहावं. 'विकास व्हायलाच हवा' छापाचे प्रतिसाद नकोत.

कोठीपोळ

कागदापासून सुरू करतो, कारण पहिलं वर्ष तिथेच जातं.

रेल्वेची जागा मंडळ कार्यालय परस्पर देऊ शकत नाही. रेल्वे कायद्यात २००५ मध्ये दुरुस्ती झाली आणि त्यातून रेल्वे भूमी विकास प्राधिकरण उभं राहिलं. गाड्या चालवायला जी जमीन लागणार नाही ती रेल्वे बोर्ड या प्राधिकरणाकडे सोपवतं, मग निविदा निघते. मिळतो तो भाडेपट्टा, मालकी नाही. त्यामुळे बँकेला पहिल्या दिवशी विचारायचं: पट्टा किती वर्षांचा, पोटभाड्याची नोंदणी होणार का, विकासक बुडाला तर बँकेला दुसरा विकासक आणता येतो का. तिसऱ्या प्रश्नाला करारात कलम नसेल तर कर्ज उभं राहणं अवघड.

मग तीन नकाशे एकावर एक ठेवायचे: रेल्वेचा लँड प्लॅन, सिटी सर्व्हेचा नकाशा आणि टीपी स्कीमचा (नगररचना योजनेचा) फायनल प्लॉट. ते तिन्ही जुळतील असं समजू नका. हद्दीचे जुने दगड शोधून डीजीपीएसनं (उपग्रहावरून अचूक मोजणाऱ्या यंत्रानं) पुन्हा मोजणी करा आणि रेल्वे, सिटी सर्व्हे, महापालिका या तिघांच्या सहीचा एकच नकाशा तयार करा. जमीन संस्थानाच्या काळात घेतलेली असेल तर मूळ कागद बडोद्याच्या राज्य अभिलेखागारात निघू शकतात, आणि जुनं दप्तर मोडीत असतं. मोडी वाचणारा माणूस सल्लागारांच्या यादीत धरा. ही चैन नाही.

रेल्वेनं आधीच दिलेल्या वाटा, म्हणजे वेलीव्ह, वेगळ्या तपासा: पाण्याची मुख्य नळी, गॅस, वीजवाहिनी, ऑप्टिकल फायबर. प्रत्येकीचा करार वेगळा आणि हलवायचा खर्च तुमच्या माथी.

आता प्रतापनगरची खास गोष्ट. तिथला हजिरा, म्हणजे कुतुबुद्दीन मुहम्मद खानाची कबर, केंद्र संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच. जागा त्या वर्तुळात येते का, हे उंचीची स्वप्नं बघण्याआधी मोजा. उंचीसाठी हरणी विमानतळाचा ना-हरकत दाखलाही लागेल.

फतेगंज_पूर्व

एक शंका. जमीन रेल्वेची, मग रजाचिठ्ठी, म्हणजे बांधकामाची परवानगी, महापालिकेची लागेल का?

कोठीपोळ

स्टेशन, शेड, सिग्नल केबिन अशा स्वतःच्या कामांसाठी रेल्वेला कायद्याच्या कलम ११ नं मोकळीक आहे. भाडेपट्ट्यावर उभ्या राहणाऱ्या ऑफिसांना तीच सवलत लागू होईल या भरवशावर वेळापत्रक आखू नका. भाडेकरू कंपनी फायरचा दाखला आणि बीयू परमिशन (इमारत वापराचा दाखला) मागणारच. सीजीडीसीआर २०१७ (गुजरातचे बांधकाम नियम) पाळूनच नकाशे करा, म्हणजे वाद कुठल्याही बाजूला गेला तरी नकाशे टिकतात.

पर्यावरण मंजुरीचं असं: २०,००० चौरस मीटर बांधकामापासून पुढे ती लागते आणि दीड लाखाला वर्ग बदलतो. आपल्या १ लाखाला खालचा वर्ग लागू होईल. टप्पे पाडून प्रत्येक टप्पा १९,९०० मध्ये बसवायची हुशारी करू नये, एकाच जागेचं बांधकाम एकत्रच मोजलं जातं.

अलकापुरी_जिओ

माझा विषय जमिनीखालचा. यार्डाच्या जमिनीत जे सापडतं त्याची यादी ठरलेली आहे, सापडण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत.

तेल भरायच्या जागेखाली डिझेल आणि वंगण. शेडच्या पिटभोवती (इंजिनाखाली उतरून काम करायच्या खड्ड्याभोवती) वापरलेलं तेल आणि शिसं. डब्यांच्या बॅटऱ्या चार्ज व्हायच्या तिथे ॲसिड आणि पुन्हा शिसं. डिझेल इंजिनाच्या थंड पाण्यात गंज रोखायला पूर्वी क्रोमेट टाकत, त्यामुळे पाणी सोडायच्या जागी क्रोमियम. लाकडी स्लीपरचे ढीग असायचे तिथे क्रिओसोट (लाकूड टिकवायचं डांबरी तेल). बॉयलरच्या लपेट्यात आणि छताच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस. सगळ्या यार्डभर कोळशाची राख आणि क्लिंकर, कारण खड्डा दिसला की राख टाकायची ही रीतच होती.

नमुन्यांचा हिशोब असा. शेड, पिट, इंधन आणि बॅटरी मिळून साधारण २ हेक्टर धरा. तिथे २५ मीटरची जाळी, म्हणजे ३२ बिंदू. उरलेल्या ८ हेक्टरवर ५० मीटरची जाळी, आणखी ३२. प्रत्येक बिंदूवर तीन पातळ्यांवर नमुने: ०.३ मीटर खोल, १ मीटर आणि भराव संपून मूळ माती लागते तिथे. एकूण १९२ नमुने. तपासणी पेट्रोलियम हायड्रोकार्बन, पीएएच (डांबर-काजळीतली घातक संयुगं) आणि जड धातूंची, प्रयोगशाळा एनएबीएल मान्यतेची. भूजलासाठी किमान तीन विहिरी, एका रेषेत नव्हे तर त्रिकोणात, म्हणजे पाणी कुठून कुठे वाहतं ते कळेल. त्यातली एक यार्डाच्या वरच्या अंगाला हवी. नाहीतर शेजारच्या गॅरेजचं तेलही तुमच्याच नावावर लागेल.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे पायाच्या खोदाईत सगळी माती एकत्र करणं. स्वच्छ मातीत तेलकट माती मिसळली की पूर्ण ढीग घातक कचरा ठरू शकतो. उदाहरण: ६०० चौरस मीटरचा तेलकट पट्टा, खोली १.२ मीटर, म्हणजे ७२० घनमीटर, सुमारे १,२०० टन. १२ टनी गाडीच्या १०० फेऱ्या, त्याही अधिकृत लँडफिलपर्यंत, चलनासह. तेच नीट वेगळं काढलं तर डिझेलची माती जागेवरच बायोपाइलमध्ये सुधारता येते: दीड-दोन मीटर उंच ढीग, खाली जाड प्लास्टिक, मधे सच्छिद्र नळ्यांतून हवा, नत्र-स्फुरदाचा डोस आणि ओल राखणं. शिसं-क्रोमियमवर हा उपाय चालत नाही, ती माती वेगळीच ठेवायची.

दूषित जागांसाठी केंद्राचे स्वतंत्र नियम जुलै २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. त्यामुळे साफसफाई कोण करणार, रेल्वे की पट्टेदार, हे निविदेतच लिहून घ्या. सही झाल्यावर विचारलं तर उत्तर सगळ्यांना माहीत आहे.

गोयागेट

वरच्या प्रतिसादाला जोड देतो. राखेच्या भरावात सल्फेट असतं, ते काँक्रीट खातं. माती आणि भूजल दोन्हीतलं सल्फेट तपासून आयएस ४५६ च्या तक्त्याप्रमाणे सिमेंट ठरवा. स्लॅग सिमेंट बहुतेक वेळा पुरतं.

राखेखाली आपली बडोद्याची काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात हाताएवढ्या भेगा. फ्री स्वेल इंडेक्स (माती किती फुगते याचं माप) काढल्याशिवाय रस्त्याचा थर ठरवू नका. चार मजल्यांवरच्या इमारतींना पाइलच लागतील. लहान इमारती, कुंपण, गार्डरूम यांना अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगीर असलेले आखूड पाइल) चालतात. हलकी बांधकामं तशीच भरावावर बसवली की दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीत तिरकी चीर हमखास.

गाडलेल्या वस्तू: राखेचे खड्डे, तपासणी पिट, टर्नटेबलची गोल विहीर, पाण्याच्या बिडाच्या नळ्या, सिग्नलच्या केबली. यातल्या काही केबली आजही जिवंत असू शकतात. रेल्वेच्या सिग्नल-दूरसंचार खात्याबरोबर जागेवर चालत पाहणी करून, चुना मारून, लेखी नोंद घेतल्याशिवाय जेसीबी आत घेऊ नये. जीपीआर स्कॅन (जमिनीखालचं दाखवणारं रडार) जरूर करा, पण ओल्या काळ्या मातीत त्याची नजर फार खोल जात नाही. खात्रीसाठी हातानं चर खोदावेच लागतात.

खडी फेकू नका. चाळून, तेलकट भाग बाजूला काढून रस्त्याच्या सोलिंगला वापरता येते. क्रिओसोटचे स्लीपर मात्र बागेतल्या बाकांसाठी वापरायची जी फॅशन आहे ती इथे बंद.

लालबागकर

शेडबद्दल कुणी बोललं नाही. ती पाडू नये असं माझं मत आहे, आणि ते हळवेपणातून नाही. सिडनीच्या इव्हली रेल्वे कारखान्यात, म्हणजे १८८७ पासूनच्या इमारतींत, टेक्नॉलॉजी पार्क झाला आणि लोहारकामाचे जुने प्रेस तिथेच ठेवले. पॅरिसमध्ये १९२० च्या दशकातला मालधक्क्याचा हॉल २०१७ मध्ये स्टेशन एफ नावानं स्टार्टअपना दिला. आपल्याकडे अलेम्बिकच्या जुन्या कारखान्यात कलाकारांचे स्टुडिओ आहेत. मोठा पन्हा आणि खांबांशिवाय उंची हे नव्यानं बांधायला महाग पडतं.

गोयागेट

लालबागकर, पॅरिसचं छत आणि बडोद्याचा मे महिना यांची गाठ घालू नका. पत्र्याखाली दुपारी काय होतं ते शेडमध्ये काम करणाऱ्याला विचारा. जुनं पोलाद किती गंजलंय ते कुणी तपासलंय? शिवाय सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे निघाले तर?

लालबागकर

पत्रे निघतीलच ॲस्बेस्टॉसचे, तसंच धरून चाला. ओले करून, न फोडता, बोल्ट कापून अख्खे उतरवायचे, दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधायचे. वर ५० मिमी पफचे (उष्णता अडवणाऱ्या फोमचे) पॅनल. ते सिमेंटच्या पत्र्यापेक्षा हलके असतात, म्हणून कैचीवरचं वजन कमी होतं. पण हलकं छत वादळात वर उचललं जातं, त्यामुळे हुक-बोल्ट आणि पायाचे अँकर वाऱ्यासाठी पुन्हा तपासावे लागतात. हे नेमकं विसरलं जातं.

पोलादाबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. रिव्हेटच्या कैचीतून चार-पाच तुकडे कापून रासायनिक आणि ताण चाचणी करा. जुन्या पोलादात गंधक-स्फुरद जास्त असेल तर वेल्डिंगला तडे जातात, अशा ठिकाणी जोड बोल्टनंच द्यायचे. जुना रंग शिशाचा असतो, तो कोरडा घासायचा नाही.

आणि शेडमध्ये शंभर टेबलं मांडा असं मी म्हणत नाहीच. यंत्रं चालवून बघायची प्रयोगशाळा, कॅन्टीन, सभा यासाठी ती जागा. तपासणी पिट एक-सव्वा मीटर खोल असतात, साफ करून वर जाळी टाकली की तयार केबल ट्रेंच. पावसाळ्यात पिटमध्ये खालून पाणी येत नाही एवढं आधी बघायचं.

गोयागेट

येतं. यार्डातल्या निम्म्या पिटांत येतं. पण ट्रेंचची कल्पना मान्य, तळाला उतार आणि सम्प (पाणी जमवून उपसायचा खड्डा) द्या.

एमजी_रोड_इलेक्ट्रिकल

विजेचा हिशोब. १ लाख चौरस मीटरला १०० वॅट दरानं जोडभार १० मेगावॉट. एकाच वेळी ६० टक्के धरला तर मागणी ६ मेगावॉट. आपल्याकडे साधारण ४ एमव्हीएच्या वर गेलं की ११ केव्ही पुरत नाही, ६६ केव्हीवर जावं लागतं, म्हणजे जेटकोची (गुजरातच्या वीज पारेषण कंपनीची) वाहिनी आणि स्वतःचं सबस्टेशन. उघड्या प्रकारच्या सबस्टेशनला ४,००० चौरस मीटर राखून ठेवा आणि वाहिनी येण्याचा पट्टाही. वास्तुरचनाकार ही जागा मागच्या कोपऱ्यात ढकलतात आणि मागचा कोपरा नेमका रुळांकडे असतो. मग वाहिनी रूळ ओलांडणार, त्याला रेल्वेची वेगळी मंजुरी.

म्हणून पहिला टप्पा ३५,००० चौरस मीटरचा ठेवा. मागणी २.१ मेगावॉट, ११ केव्हीवर आरामात. सबस्टेशन दुसऱ्या टप्प्याबरोबर.

डिझेल: परवान्याशिवाय २,५०० लिटरपर्यंत साठवता येतं आणि एक टाकी १,००० लिटरच्या आत हवी. सगळीकडे ९९० लिटरच्याच टाक्या दिसतात त्या यामुळे. दोन टाक्यांत १,९८० लिटर, त्यावर १,०१० केव्हीएचे दोन जनरेटर पाच-सहा तास चालतील. जास्त हवं असेल तर पेसोची (केंद्राच्या स्फोटक-ज्वालाग्राही पदार्थ सुरक्षा खात्याची) मंजुरी घ्या.

चालू लाईनवर २५ केव्ही आहे. रुळांना समांतर लांबलचक लोखंडी कुंपणात दाब उतरतो, म्हणून ते तुकड्यांत तोडून प्रत्येक तुकडा अर्थ करायचा. टॉवर क्रेनचा हात रेल्वे हद्दीवर फिरणार असेल तर क्रेनची जागाच बदला. अचूक मोजमापाच्या प्रयोगशाळा रुळांपासून शक्य तितक्या लांब, रुळांच्या अंगाला पार्किंग. फायबर दोन वेगळ्या रस्त्यांनी आत आणा. दोन कंपन्या पण एकच नाला ओलांडणारी नळी, असं असेल तर ते दोन मार्ग नव्हेत.

वाघोडिया_रोड

पाणी. वापरायोग्य जागा ७० टक्के, माणशी १० चौरस मीटर, म्हणजे ७,००० माणसं. ऑफिसला माणशी ४५ लिटर: २५ घरगुती, २० फ्लशचे. रोज ३.१५ लाख लिटर. सांडपाणी साधारण २.९ लाख, म्हणून ३०० घनमीटरचा एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा). त्यातून २.६ लाख लिटर परत मिळेल, १.४ लाख फ्लशला, उरलेलं कूलिंग टॉवरला. एसीचा भार २,५०० टन धरला, सरासरी ६० टक्के, १० तास, टनाला तासाला ९ लिटर, तर १.३५ लाख लिटर लागतं. हिशोब जवळजवळ जुळतो. अट एकच, टॉवरला जाणारं पाणी गाळून आणि मऊ करून द्यायला हवं, नाहीतर कंडेन्सरच्या नळ्या चुन्यानं बुजतात. ते युनिट 'नंतर बसवू' म्हणून काढून टाकतात आणि मग टँकर.

आता पूर. २०१९ आणि ऑगस्ट २०२४ नंतर बडोद्यात हे समजावून सांगायची गरज पडू नये. रुळांचा भराव बांधासारखं पाणी अडवतो आणि खालच्या जुन्या मोऱ्या गाळानं भरलेल्या असतात. आधी प्रत्येक मोरी शोधा, साफ करा, तिचं पाणी कुठल्या कांसात (पावसाळी नाल्यात) जातं ते बघा. ५ मीटरच्या जाळीवर लेव्हल घ्या, त्या जीटीएस बेंचमार्कशी (सर्व्हे ऑफ इंडियाच्या पक्क्या उंचीच्या खुणेशी) बांधा, आणि शेजारच्या भिंतींवरच्या २०२४ च्या पाण्याच्या खुणांची उंची त्याच नकाशावर चढवा. जोत्याची उंची त्यावरून, रस्त्याच्या मध्यावरून नव्हे.

१० हेक्टरवर तासाला ५० मिमी, त्यातलं ८० टक्के वाहिलं तर ४,००० घनमीटर. २,००० चौरस मीटरचा, २ मीटर खोल तलाव तासाभराचा पाऊस धरतो. तलाव तेलकट पट्ट्यावर बांधायचा नाही आणि दूषित भागात शोषखड्डेही नाहीत, नाहीतर घाण स्वतःच्या हातानं भूजलात पोचते. तलावाच्या तोंडाला मजबूत जाळी हवी. विश्वामित्रीच्या मगरी पुरात कुठवर येतात ते आपल्याला माहीत आहे.

तळघरात पॅनल, यूपीएस, पंपांचे स्टार्टर काहीही नको.

फतेगंज_पूर्व

वाहतुकीचं मी बघतो. ७,००० पैकी ५५ टक्के दुचाकीवर, २० टक्के कारनं: ३,८५० आणि १,४००. त्यातले ६० टक्के एका तासात आले तर ८४० कार आणि २,३१० दुचाकी. बूम बॅरियरची एक लेन तासाला ३५० कार सोडते, म्हणजे तीन लेन, आणि दुचाकींना बॅरियरविना दोन वेगळ्या. रांग आतच राहावी म्हणून फाटक रस्त्यापासून ६० मीटर आत. दोन फाटकं दोन वेगळ्या रस्त्यांवर असावीत आणि एक तरी रस्ता लेव्हल क्रॉसिंगशिवायचा हवा. नसेल तर अंडरपासचा खर्च पहिल्या टप्प्यात धरा, पण पुराचं वरचं वाचून मगच.

दांडियाबाजार

भाडेकरू कोण येणार यावर मी लिहितो, कारण इमारतीचा आकार त्यावर ठरतो. बडोदा म्हणजे पुणे नव्हे. इथली ताकद अभियांत्रिकीत आहे: वीज उपकरणं, रसायन, एल अँड टीची डिझाइन ऑफिसं, कलाभवनातून (विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून) बाहेर पडणारी मुलं, आणि लालबागेत गतिशक्ती विद्यापीठ. त्यांना काचेचा वीस मजली टॉवर नको असतो. तळमजल्यावर चौरस मीटरला एक टन भार सहन करणारी जमीन, साडेचार-पाच मीटर उंची, ट्रक मागून आत येईल असं दार, वर चार-पाच मजले ऑफिस. एका मजल्याचं क्षेत्र २,५०० चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे मोठा भाडेकरू नाही मिळाला तर चार तुकडे करता येतात. पहिला टप्पा भरल्याशिवाय दुसऱ्याचे पाइल मारू नयेत.

सुरसागर_काठ

सगळं वाचलं. मग क्रम काय? हे एकदम सुरू करायचं का?

कोठीपोळ

मोजणी आणि वेलीव्हची यादी पहिले तीन महिने. त्याच काळात हजिऱ्याचं अंतर आणि विमानतळाची उंची. हद्द पक्की झाल्याशिवाय जिओवाल्यांना बोलावू नका, नाहीतर शेजाऱ्याच्या जागेत बोअर घ्याल.

अलकापुरी_जिओ

मातीच्या नमुन्यांना दोन महिने, प्रयोगशाळेला आणखी एक. पण भूजलाच्या विहिरी एप्रिल-मेमध्येच घालून घ्या. एक वाचन पावसाआधी आणि एक सप्टेंबरअखेर हवं. काळ्या मातीत पाण्याची पातळी दोन ऋतूंत इतकी बदलते की एकाच वाचनावर तळघर किंवा सम्पची खोली ठरवता येत नाही. जून हुकला तर पावसाआधीच्या वाचनासाठी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागतं.